आत्याचे कानमंत्र : पाळी गेल्यावरच्या हार्मोन रोखणाऱ्या गोळीसाठी

पोरी, स्तनातली कॅन्सरची गाठ काढून झाली, किमो झाली, रेडिएशनही पार पडलं. आता सगळं मुक्ताईनगर म्हणतंय, सुटली बिचारी. सुटलीस हे खरंच. पण डॉक्टरांनी शेवटी चिठ्ठीवर जी एक इवलीशी गोळी लिहिली आहे, रोज एक, पाच वर्षं, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. तुझंही नाही, हे मला ठाऊक आहे. सलाईन नाही, सुई नाही, टक्कल पडत नाही. अशा औषधाची आपल्याकडे कुणाला किंमत वाटत नाही. म्हणून मीच बसले सांगायला. बावन्न वर्षांची झालीस तरी माझ्यापुढे लहानच आहेस, तेव्हा ऐकून घे. एका बैठकीत नको, रोज चार-चार वाच. आणि मी डॉक्टर नाही बरं का. सवयी माझ्याकडून घे. गोळी बदलायची, थांबवायची, वाढवायची ते मात्र त्यांनीच.

१. फाईलमधला गाठीचा रिपोर्ट काढ आणि ईआर, पीआर या अक्षरांपुढे काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ – ही अक्षरं हार्मोनची, आणि ही गोळी हार्मोनवर पोसणाऱ्या गाठीलाच लागू पडते. गल्लीतल्या दुसरीला ती दिली नाही म्हणजे तिच्या डॉक्टरांनी हयगय केली असं नाही, तिची गाठ वेगळ्या जातीची असेल.

२. गोळी नेमकं काय करते ते समजून घे – कळलेल्या औषधाचा कंटाळा कमी येतो. पाळी गेली की बीजांडकोशातून इस्ट्रोजेन येणं थांबतं. पण विहीर आटली तरी बांधाखालून पाझर चालू राहावा, तसं थोडं इस्ट्रोजेन अंगातल्या चरबीत आणि स्नायूंत बनतच राहतं. ते बनवणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेज, आणि ही गोळी तोच पाझर बुजवते.

३. चिठ्ठीवर तीनपैकी एक नाव असेल: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं बारीक. तू बारीक वाच – मेडिकलवाल्याने पाकीट बदलून दिलं तर मोठं नाव बदललेलं चालेल, बारीक बदलता कामा नये.

४. २५ चा आकडा बघून एक्झेमेस्टेनवालीने स्वतःला जास्त आजारी समजू नये, आणि १ वालीने निवांत होऊ नये – आकडा गोळीतल्या औषधाच्या वजनाचा आहे, दुखण्याचा नाही.

५. ओळखीतल्या कुणाकडे उरलेली टॅमॉक्सिफेनची पाकिटं 'वाया कशाला घालवायची' म्हणून घेऊ नकोस – ती गोळी वेगळी. ती इस्ट्रोजेन बनू देते, पण गाठीच्या पेशीला त्याचा उपयोग होऊ देत नाही. तिचे धोकेही वेगळे, गर्भाशयाच्या अस्तराचे आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचे. काही जणींना आधी दोन-तीन वर्षं ती आणि मग तुझी गोळी देतात, तेव्हा कुणाची चिठ्ठी बदललेली दिसली तर लगेच डॉक्टरांना नावं ठेवू नयेत.

६. तुझी गोळी एकटी घ्यायची ती पाळी खरोखर गेलेल्या बाईनेच – बीजांडकोश चालू असताना घेतली तर तो उलट जोराने कामाला लागतो. म्हणून तर हीच लेट्रोझोल मूल होत नसलेल्या सुनांनाही थोडे दिवस देतात. शेजारीण म्हणालीच, "अगं, ही तर मूल व्हायची गोळी," तर हसून सोडून दे. (२०११ मध्ये सरकारने त्या वापरावर बंदी घातली होती, पुढे ती उठवली. कॅन्सरच्या वापरावर बंदी कधीच नव्हती.)

७. किमोने पाळी थांबली म्हणजे गेलीच, असं धरायचं नाही, पंचेचाळिशीच्या आतबाहेर असलेल्यांनी तर मुळीच नाही – काही महिन्यांनी, कधी वर्षानेही ती परत येते, म्हणून डॉक्टर रक्त तपासून बघतात. आणि तुला गोळी चालू असताना एक डाग जरी दिसला तरी त्याच दिवशी फोन कर. "पुढच्या तपासणीला सांगू" हे लाजेचं बोलणं, शहाणपणाचं नाही.

मध्येच एक गोष्ट सांगते. स्तनाच्या गाठीचा आणि बीजांडकोशाचा संबंध १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या डॉक्टरांनी दाखवला. तेव्हा उपाय एकच होता, बीजांडकोश कापून काढायचे. टॅमॉक्सिफेन तर १९६० च्या दशकात इंग्लंडात संततिनियमनासाठी शोधली होती. त्या परीक्षेत नापास झाली आणि कॅन्सरच्या परीक्षेत पहिली आली. अरोमाटेजच अडवायचं, हा विचार अमेरिकेत चिकाटीने पुढे नेला तो अँजेला ब्रॉडी या बाईंनी. बाईच्या दुखण्यावर बाईनेच डोकं लावलं, मला त्याचं फार अप्रूप आहे. नव्वदच्या दशकात या गोळ्या आल्या. २०१५ मध्ये तीस हजारांहून जास्त बायकांचे आकडे एकत्र करून पाहिले, तर पाळी गेलेल्या बायकांत ही गोळी चालू असताना गाठ परत येण्याचं प्रमाण टॅमॉक्सिफेनपेक्षाही सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघालं. आणि टॅमॉक्सिफेन काही साधीसुधी नव्हती! एवढ्या तोलामोलाची गोळी साखरेच्या डब्यामागे पडलेली दिसली की मला राग येतो.

आता रोजच्या सवयी.

८. गोळीची वेळ तुझ्या न चुकणाऱ्या एखाद्या कामाला बांध: तुळशीला पाणी, देवापुढचा दिवा, नाहीतर तुझी ती संध्याकाळची मालिका – घड्याळ विसरतं, हात विसरत नाही.

९. गोळी घेतली की कॅलेंडरवर टिंब दे – "घेतली की नाही" या घोळात दोनदा घेतली जाते, नाहीतर एकदाही नाही. दुधाचे खाडे इतके चोख लिहितेस, तर हे टिंब काय जड आहे?

१०. सकाळची राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर घेऊन टाक. दुसरा दिवस उजाडला तर गेलेली सोडून दे, दोन एकदम नको – कालची भूक आजच्या दोन ताटांनी भागत नाही.

११. एकादशी असो, चतुर्थी असो, नवरात्र असो, गोळी चालूच – लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल रिकाम्या पोटीही चालतात. एक्झेमेस्टेन जेवणानंतरची, तेव्हा उपवासाची भगर खाऊन घे. निर्जळी मात्र आता पुरे. मुक्ताई रागावणार नाही, हमी माझी.

१२. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि बहुतेक पाकिटांवर लिहिलेलं असतं तीस अंशांखाली ठेवा. पत्र्याची खोली, टीव्हीचा माथा, खिडकी आणि तुझ्या नवऱ्याच्या, भाऊसाहेबांच्या गाडीचा डॅशबोर्ड या चार जागा वर्ज्य. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण बरा – जिथे दुपारी माणसाला झोप लागते, तिथे गोळीही टिकते.

१३. पाकिटात दहा उरल्या की नवीन आण – तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही गोळी नेहमी असतेच असं नाही, मागवावी लागते, आणि मध्ये पोळा नाहीतर दिवाळी आली की चार दिवस असेच जातात.

१४. जन औषधीच्या दुकानात लेट्रोझोल विचार – औषध तेच, नाव साधं, किंमत बरीच कमी. आणलेलं पाकीट पुढच्या खेपेला डॉक्टरांना एकदा दाखव, म्हणजे मनात किंतू नको.

१५. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जायचं तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. डॉक्टर हो म्हणाले तर खुशाल जा; पण महिनाभराच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत वाटून ने – एक पिशवी हरवली तरी वारी मोडत नाही. आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या खांद्यावर जड पडशी नको, हात सुजतो.

१६. नातवंडांच्या आणि गरोदर सुनेच्या हाती पाकीट पडू देऊ नकोस – पोटातल्या बाळाला ही गोळी घातक आहे.

आता सांध्यांचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बायका गोळी सोडतात त्या इथेच.

१७. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सकाळी बोटं आखडतील, गुडघे कुरकुरतील, पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकेल. गाठ हाडात उतरली, असं लगेच मनात आणू नकोस – इस्ट्रोजेन तळाला गेलं की सांधे बोलू लागतात, आणि निम्म्याच्या आसपास बायकांना हे कमी-जास्त होतं.

पहाटे परातीत कळण्याचं पीठ घेऊन बसलीस, की पहिल्या भाकरीला मूठ नीट वळायची नाही, तळवा पसरायचा नाही, भाकरी एका बाजूला जाड राहील. चौथ्या भाकरीपर्यंत हात सैल पडतो. बसून उठलं की आखडतं, चार पावलं चाललं की मोकळं होतं, ही या दुखण्याची खूण. म्हणून उठल्याबरोबर कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडव आणि बोटं उघड-मीट कर, मग पिठाला हात लाव. आणि पहिली जाड भाकरी भाऊसाहेबांच्या ताटात वाढ, त्यांना काही कळत नाही.

१८. रोज अर्धा तास झपझप चाल, आठवड्यातले पाच दिवस – या दुखण्यावर चालण्याइतकं स्वस्त औषध नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी याच गोळीवरच्या, सांधे दुखणाऱ्या बायकांना आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोनदा ताकद वाढवणारे व्यायाम वर्षभर करायला लावले. त्यांचं दुखणं सुमारे तीस टक्क्यांनी उतरलं, न करणाऱ्यांचं होतं तिथेच राहिलं.

१९. "वावरात जाते, घरात राबते, तोच व्यायाम," असं मला सांगू नकोस – राबण्यात दमणूक होते, पण सलग चाल होत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठ-बस कर. पहिल्या दिवशी चारच झाल्या तर कुणी हसणार नाही, मी सोडून.

२०. आठवडी बाजारातली सांधेदुखीची पुडी घरात आणायची नाही, ती कितीही 'शुद्ध जडीबुटी' असो – अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत जादू वाटते आणि हाडं आतून पोखरतात. आपल्या गोळीने हाडं आधीच नाजूक, त्यात हे विकतचं दुखणं कशाला?

२१. दुखण्याच्या गोळ्याही मनाने रोज खाऊ नकोस – पोट आणि मूत्रपिंडं तुझीच आहेत. कोणती, किती आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घे.

२२. आणि मुख्य गोष्ट ही: दुखतंय म्हणून गोळी गुपचूप बंद करू नकोस, आणि दुखतंय हे लपवूही नकोस – डॉक्टरांच्या हातात उपाय असतात. तीनपैकी एक सोसत नाही तिला दुसरी सोसते, असं पुष्कळदा होतं. काही वेळा ते थोडे आठवडे विश्रांती देऊन बघतात, काही वेळा ड्युलोक्सेटिन नावाचं औषध देतात, कधी पुन्हा टॅमॉक्सिफेनवर आणतात. हे सगळं करता येतं ते बाई तोंड उघडेल तेव्हा. आपल्या बायकांची रीत काय? घरी गोळी बंद आणि ओपीडीत "घेते ना, नियमित." त्या 'घेते ना'वर विश्वास ठेवून डॉक्टर पुढचं सगळं ठरवतात. डॉक्टरपुढे झाकलेलं, शेवटी आपल्याच अंगावर फाकलेलं.

२३. मात्र एकाच जागी ठाण मांडून बसलेलं, रात्री झोपेतून उठवणारं, दर आठवड्याला वाढणारं हाडाचं दुखणं वेगळं. तसंच नवी धाप, न थांबणारी डोकेदुखी, अन्नावरची वासना उडून वजन उतरणं, छातीवर किंवा काखेत नवी गाठ – यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही.

२४. गोळीबरोबरच डेक्साची, म्हणजे हाडांच्या घनतेची, तपासणी करून घे, आणि मग डॉक्टर म्हणतील तशी वर्ष-दोन वर्षांनी – हाड झिजताना दुखत नाही, मोडताना दुखतं. रिपोर्टात टी-स्कोअर बघ, उणे २.५ किंवा त्याच्याही खाली असेल तर हाडं ठिसूळ झाली म्हणायची आणि औषध लागतं.

२५. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेलं पाहिजे. एका मोठ्या कपभर दुधात साधारण ३०० असतं, तीळ आणि नाचणीतही भरपूर. केळ्यावर भिस्त ठेवू नकोस, घरची बाग असली तरी – केळ्यात पोटॅशियम आहे, कॅल्शियम नावाला. तीन फण्या संपवल्यास तर हाडं नाही, वजन वाढेल.

२६. कॅल्शियमची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेव, लोहाची गोळीही लांबच – एकत्र गेल्या की एकमेकींना अंगी लागू देत नाहीत. जावाजावांचंच प्रकरण ते, वेगळ्या चुली बऱ्या.

२७. ड जीवनसत्त्व तपासून घे – आपल्याकडे एवढं ऊन, तरी पदरात आणि घरात राहणाऱ्या बायकांत ते कमी निघतं. दर आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल दिली तर ती आठवड्याचीच. रोज घ्यायची नाही, तेही अंगाशी येतं.

२८. मिश्री सोड. हो, मला माहीत आहे, फक्त दातांना लावतेस – पण तंबाखू हिरड्यांतून जाऊन हाडांवरच बसते, आणि तोंडाचं वेगळंच.

२९. हाडांसाठी सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन ठरलं तर त्याआधी दातांची सगळी कामं उरकून घे – त्या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही. आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही – अन्ननलिका भाजते.

३०. मोरीत खरखरीत पट्टी, रात्री मधल्या खोलीत बारका दिवा, पायात बंद असलेली चप्पल – मोडलेल्या खुब्याचा खर्च दिव्याच्या बिलाहून मोठा असतो.

३१. अंगातून वाफा निघतील, मानेवर घाम फुटेल, काही मिनिटांत जाईल. सुती कपडे, माठातलं पाणी, तिखट शेवभाजी आणि चहा जरा कमी – या गोष्टी वाफेला उठवतात. मेमध्ये घाम गोळीचा की भुसावळच्या उन्हाचा हे कुणालाच कळत नाही, तेव्हा त्यावर विचार करत बसू नकोस, पाणी पी. फार छळ झाला तर त्यावरही औषध आहे, विचार.

३२. ही गोष्ट कानात सांगते. खालच्या बाजूला कोरडेपणा येतो, लघवीला जळजळतं, जवळीक नकोशी होते. मेडिकलमध्ये पाण्यावर बनलेलं वंगण मिळतं, ते आणायला भाऊसाहेबांना पाठव. संसार दोघांचा आहे. पण इस्ट्रोजेनचं मलम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही – एका दाराने बाहेर काढलेलं दुसऱ्या दाराने आत घ्यायचं नसतं.

३३. त्याच कारणाने, पाळी गेल्याच्या त्रासावर कुणी हार्मोनच्या गोळ्या लिहून देऊ लागलं तर आधी आपली गोळी सांग. शतावरीचे कल्प, सोयाच्या कॅप्सूल, "बायकांचं टॉनिक" या सगळ्यांची नावं डॉक्टरांपुढे ठेव – त्यातल्या काहींचा गुण इस्ट्रोजेनच्या वळणाचा असतो. जेवणातली सोयाबीनची भाजी चालते, तेवढ्याने काही बिघडत नाही.

३४. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल आणि साखर बघ – या गोळीवर कोलेस्टेरॉल चढू शकतं.

३५. झोप उडाली, उगाच रडू येतं, कशातच मन नाही, असं पंधरा दिवस राहिलं तर तेही दुखणंच, सांगायचं. "देवाने वाचवलं, आता कुरकुर कशाला," असं म्हणणारे भेटतील – त्यांची गोळी तू घेत नाहीस, तुझी ते घेत नाहीत.

३६. फाईल एकच ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि रिपोर्टांचे फोटो मुलाच्या मोबाइलवर. एका कागदावर ठळक लिही: ऑपरेशनची तारीख, ईआर-पीआर, गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख – जळगावला, धुळ्याला किंवा मुंबईला, डॉक्टर बदलले तरी कागद बदलत नाही.

३७. परळच्या टाटाला जायचं तर भुसावळहून रात्रीची गाडी धरून दादरला उतरायचं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा ठरलेला फॉर्म आधीच घे – खिडकीपाशी फाईल दाखवून भागत नाही. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सेवासदन, अशा जागा आहेत. गर्दी असते, तेव्हा आधी विचारून निघ. भुसावळपर्यंत एसटीत आपल्या बायकांना अर्ध तिकीट आहेच.

३८. डॉक्टरांपुढे जाण्याआधी प्रश्न लिहून ने, फार तर तीन – तिथे गेल्यावर बाईला आठवतो तो फक्त गाडीचा टाइम.

३९. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी, न चुकता – गोळी राखण करते, पण बघायचं काम तिचं नाही.

४०. पाच वर्षं भरली की स्वतःच बंद करू नकोस आणि स्वतःच चालूही ठेवू नकोस, विचार. गाठ मोठी होती, काखेत पसरली होती, अशांना सात किंवा दहा वर्षंही देतात, बाकीच्यांना पाच पुरतात – हार्मोनची गाठ पाच वर्षांनंतरही, कधी वीस वर्षांपर्यंत डोकं वर काढू शकते, आणि हाडांची झीजही तितकीच खरी. दोन्ही तोलायचं काम तज्ज्ञाचं. चार जणींचं ऐकावं, पण गोळी डॉक्टरच्या हिशोबानेच चालवावी.

४१. आता तुझ्या घरातल्या बाकीच्या बायकांचं. हा आजार स्पर्शाने होत नाही, तुझ्या ताटात जेवल्याने होत नाही. पण तुझ्या सख्ख्या बहिणीने आणि लेकीने डॉक्टरांना "आमच्यात आहे" हे सांगायलाच हवं – तपासणी कधीपासून सुरू करायची ते त्यावर ठरतं. लेकीचं लग्न मोडेल म्हणून लपवणारी घरं मी पाहिली आहेत. लपवल्याने लग्न टिकतं, लेक टिकत नाही.

४२. आणि मॅमोग्राफीचं मशीन नाही, मुंबई लांब, ही सबब कुणाला देऊ देऊ नकोस. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. नुसत्या हाताने, माय! तुझ्या जावेने पन्नाशी कधीच ओलांडली आहे आणि ती अजून एकदाही दवाखान्याची पायरी चढलेली नाही. पुढच्या तपासणीला निघशील तेव्हा तिला सोबतीला घेऊन जा, आणि तिथे पोचलीस की दोघींचे केस पेपर काढ.